खान्देशात लग्नाची फोटोग्राफी: पॅकेज परवडणारं द्या, पण स्वतःच्या मजुरीतून नको

"कितला लेशीन रे भाऊ?"

अमळनेर तालुक्यातल्या एका गावात, ओट्यावर बसून नानांनी मला, त्यांच्या घरच्या लग्नाच्या फोटोंचे किती घेशील, असं विचारलं तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. जवळच्या गावातला फोटोवाला तीस हजार घेतो एवढं ऐकून होतो, म्हणून मी पंचवीस म्हणालो. नाना इतक्या पटकन "बरं" म्हणाले की तिथेच मला शंका यायला हवी होती. हळद आणि लग्न मिळून दोन दिवस राबलो, पुढे चार दिवस कॉम्प्युटरसमोर बसलो आणि हिशेब मांडला तेव्हा कळलं की या लग्नाला मी स्वतःच्या खिशातून आहेर केला होता. तो हिशेब पुढे चौथ्या पायरीत दिला आहे.

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारकडे राहून या धंद्यात येऊ पाहणाऱ्यांसाठी हे लिहितोय. आपल्याकडची बहुतेक घरं शेतीवर चालतात, त्यामुळे लग्नाच्या फोटोंवर लाखभर घालणारं घर क्वचितच भेटेल. तुमचं गिऱ्हाईक म्हणजे बेताच्या बजेटचं घर, आणि त्याला चांगलं काम देऊनही तुमचं घर चालू शकतं.

## १. आधी दोन लगीनसराया दुसऱ्याच्या हाताखाली काढा

कॅमेरा घेतला आणि लगेच ऑर्डर घेतली, असं करू नका. तुळशीचं लग्न झालं की सराई सुरू होते आणि आषाढात चातुर्मास लागेपर्यंत चालते. एखाद्या जुन्या फोटोग्राफरकडे तेवढे महिने लाईट धरायला जा. पैसे कमी मिळतील, पण विधींचा क्रम पाठ होईल. अंतरपाट धरल्यावर कुठे उभं राहायचं, मामा नवरीला घेऊन कुठल्या बाजूने येतो, सुनमुख बघायच्या वेळी खोलीत किती माणसं घुसतात, हे कुठल्याही व्हिडिओत शिकायला मिळत नाही. शिवाय समाजागणिक रीत बदलते. लेवा पाटलांकडचं लग्न, गुजरांकडचं लग्न आणि साक्री-नवापूरकडच्या आदिवासी पाड्यावरचं लग्न, या तिन्हींचा क्रम वेगळा असतो.

सरावासाठी वर्षभर जागा आहेत. दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा भरते. धूळ, गर्दी, हलतं जनावर आणि संध्याकाळचा तिरपा उजेड, असं सगळं तिथे एकाच दिवशी हाताळायला मिळतं. आणि एकदा चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस यांचं संग्रहालय बघून या. स्टेशनजवळच्या बंगल्यात स्वतःला जवळजवळ कोंडून घेऊन राहिलेल्या या माणसाने (१९१२–१९८९) टेबलावर मांडलेल्या साध्या वस्तूंना उजेड देऊन अख्खं जग उभं केलं. महागडी लेन्स नाही म्हणून मी फार कुरकुरायचो, ती तिथून परत आल्यावर बरीच कमी झाली.

## २. सामान: विकत काय, भाड्याने काय

सुरुवातीला एवढं पुरतं:

- दोन मेमरी कार्ड बसणारी एक बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा), सेकंडहँड चालेल
- २४-७० एफ २.८ लेन्स (कॅमेऱ्याच्या कंपनीची नसली तरी चालेल) आणि ५० एमएम एफ १.८
- दोन फ्लॅश, एक ट्रिगर (लांबचा फ्लॅश कॅमेऱ्यावरून उडवणारा), एक लाईट स्टँड, पांढरी छत्री
- चार बॅटऱ्या, सहा कार्डं, दोन हार्डडिस्क
- उसनी का होईना, पण एक जादा बॉडी

७०-२०० लेन्स (लांबचं जवळ आणणारी), गिंबल (चालताना कॅमेरा स्थिर ठेवणारा दांडा), ड्रोन हे सगळं जळगाव-धुळ्यात भाड्याने मिळतं. वर्षात पंधरा-वीस दिवस वापरायच्या वस्तूचा हप्ता बारा महिने भरू नका. सेकंडहँड बॉडी घेताना शटर काउंट, म्हणजे तिने आजवर किती फोटो काढलेत तो आकडा, तपासा, सिरीयल नंबर टाकलेलं बिल घ्या आणि दोन्ही स्लॉटमध्ये कार्ड टाकून शंभर फोटो तिथेच उभं राहून काढून बघा.

दोन कार्डांचा एवढा आग्रह का, तेही सांगतो. माझी तिसरी ऑर्डर धरणगावकडची. कॅमेऱ्यात एकच कार्ड. हळद उरकली, कार्ड लॅपटॉपला लावलं तर लॅपटॉप म्हणे फॉरमॅट करा. रिकव्हरीत बरंच परत आलं, पण आजी नातीला हळद लावतानाचे फोटो गेले ते गेलेच. लग्नानंतर आठ दिवसांनी त्या घरी गेलो, आजीला पुन्हा तेच नऊवारी नेसायला लावलं, माहेरी आलेल्या नातीला समोर बसवलं आणि वाटीत हळद कालवून तो फोटो पुन्हा काढला. आजी खुदुखुदु हसत होती. मी घामाघूम झालो होतो.

## ३. कागदपत्रं

हे काम एका दिवसाचं आहे, उगाच घाबरू नका.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद. आधार आणि पॅनवर होते, सरकारी पोर्टलवर पूर्ण मोफत. "सर्टिफिकेट काढून देतो" म्हणत पैसे मागणाऱ्या, सरकारी दिसणाऱ्या साइट भरपूर आहेत. तिथे फसू नका.

शॉप ॲक्ट, म्हणजे दुकानं-आस्थापनांचा कायदा. दहापेक्षा कमी माणसं कामाला असतील तर २०१७ च्या कायद्याप्रमाणे नोंदणीची गरज नाही, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची. तिची पावती मिळते आणि बँकेत चालू खातं उघडायला ती उपयोगी पडते.

जीएसटी. सेवांसाठी वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की नोंदणी सक्तीची होते. नव्या माणसाला सुरुवातीला तिची गरज पडत नाही. पण नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावू नका. तसं करणारे मी पाहिलेत.

कर्ज. मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत, किशोर गटात ५ लाखांपर्यंत मिळतं. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात अनुदानही आहे, त्याची चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात करा. आधार, पॅन, रहिवासी दाखला, शाळेचा दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला, दुकानदाराचं कोटेशन आणि प्रकल्प अहवाल एका फाइलीत लावून ठेवा. सामानाची ऑर्डर मात्र मंजुरी हातात पडल्यावरच द्या. अनुदान येणार या भरवशावर सावकाराकडून उचल घेतलेला एक दोस्त अजून व्याज फेडतोय.

## ४. भाव काढायचा, विचारायचा नाही

आता तो हिशेब. हे माझे त्या वेळचे ढोबळ आकडे आहेत. तुमच्या गावचे घालून पाहा.

दोन दिवसांची ऑर्डर, फोटो आणि व्हिडिओ, तीस शीटचा बारा बाय छत्तीस इंची अल्बम:

- व्हिडिओवाला, दोन दिवस: ६,०००
- लाईटवाला पोऱ्या, दोन दिवस: १,६००
- पेट्रोल, चहापाणी: २,०००
- अल्बम, डिझाइनसकट: ९,०००
- मिक्सिंग (व्हिडिओची जुळणी): ४,०००
- पेनड्राइव्ह: ५००
- कॅमेऱ्याची झीज: २,५००

बेरीज २५,६००. नानांकडून घेतले २५,०००. म्हणजे सहा दिवस काम करून वर ६०० रुपये मीच दिले.

शेवटची ओळ नवे लोक हमखास विसरतात. अडीच लाखांचं सामान चार वर्षं चाललं आणि वर्षाला पंचवीस ऑर्डरी झाल्या, तर प्रत्येक ऑर्डरवर अडीच हजार पडतात. ते बाजूला काढले नाहीत तर पाचव्या वर्षी नवा कॅमेरा घ्यायला बायकोचे दागिने गहाण ठेवावे लागतात.

मग बेताच्या बजेटच्या घराला नाही म्हणायचं का? अजिबात नाही. कात्री कुठे लावायची तेवढं कळलं पाहिजे. अल्बम तीसऐवजी पंधरा शीटचा करा, खर्च ५,००० वर येतो. तीस शीटच्या अल्बममध्ये निम्मी पानं स्टेजवर आहेर देणाऱ्यांचीच असतात, आणि ती पुन्हा कोणी उलटून बघत नाही. व्हिडिओ फक्त लग्नाच्या दिवशीचा ठेवा, माणूस ३,००० आणि मिक्सिंग २,००० त भागतं. बाकी तेच. एकूण खर्च १६,६००. हे पॅकेज २७,००० ला दिलं तर हाती १०,४०० उरतात आणि जवळच्या गावातल्या तीस हजारांच्या मानाने गिऱ्हाइकाचेही वाचतात. आहेराचे सगळे फोटो पेनड्राइव्हमध्ये द्या, तक्रार येत नाही.

कात्री जिथे लावायची नाही त्या जागाही ठरवून टाका: लाईटवाला, दुसरं कार्ड आणि तुमची मजुरी. "तो दुसरा वीसमध्ये करतो" असं ऐकाल तेव्हा "काका, त्याच्यात शीट किती, माणसं किती, तेवढं विचारून या" म्हणा आणि चहा प्या. निम्मी माणसं परत येतात. उरलेल्यांना जाऊ द्या.

एक पक्कं कमी खर्चाचं काम म्हणजे सामूहिक विवाह. एका मांडवात कितीतरी जोडपी, प्रत्येकाला चार-पाच चांगले फोटो आणि एक फ्रेम. पैसे आयोजकांकडून येतात. त्यात अल्बमचा घोळ नसतो आणि ओळखी झपाट्याने वाढतात.

## ५. इसार घेण्याआधी लिहून घ्या

एक पान पुरतं. घरच्या कर्त्या माणसाची त्यावर सही घ्या. सही मागायला लाज वाटत असेल तर निदान व्हॉट्सॲपवर पाठवून "मान्य" असं उत्तर मागून घ्या. त्यात हे हवं: तारखा, किती वाजेपासून किती वाजेपर्यंत, किती माणसं, किती शीट, फोटो निवडून किती दिवसांत द्यायचे, अल्बम कधी मिळेल, तारीख बदलली तर इसाराचं काय.

पैशाचे तीन तुकडे करा. इसार तीस टक्के, हळदीच्या दिवशी पन्नास, अल्बम देताना वीस. हळदीच्या दिवशी मागायला जड वाटतं, पण लग्न झाल्यावर उत्तर एकच असतं, "कापूस विकला की देतो." त्यात खोटं काही नसतं. कापूस खरंच घरात पडलेला असतो आणि भावाची वाट बघणं चालू असतं. फक्त तुमचा अल्बमवाला कापसाच्या भावासाठी थांबत नाही.

आणखी एक ओळ पानावर नक्की टाका. कॉपीराइट कायद्याच्या (१९५७) कलम १७ प्रमाणे कोणी पैसे देऊन फोटो काढून घेतले आणि वेगळा करार नसेल, तर त्या फोटोंचा पहिला मालक पैसे देणारा ठरतो. फोटो काढले मी, म्हणून ते माझे, असं नसतं. इन्स्टाग्रामवर किंवा दुकानाच्या फ्लेक्सवर नवरीचा फोटो लावायचा असेल तर लेखी परवानगी घ्या. कायदा बाजूला ठेवला तरी, न विचारता लावलेल्या फोटोवरून सोयरिकीत किती कडवटपणा येतो हे गावात राहणाऱ्याला सांगायला नको.

## ६. आदला दिवस

घरच्या एका शहाण्या मुलीला किंवा मुलाला पकडा आणि माणसांची यादी करून घ्या: आजी-आजोबा, सगळे मामा, आत्या, काकू, सुरतहून येणारा काका. दुसऱ्या दिवशी ही मुलगी तुमच्या बाजूला उभी हवी, कारण यातला एकही चेहरा तुम्हाला ओळखीचा नसतो. आणि मामा सुटला तर तो दहा वर्षं ऐकवतो.

खेड्यात विजेचा भरवसा धरू नका, बॅटऱ्या घरून भरून न्या. कार्डं घरीच फॉरमॅट करा. मेमध्ये पारा ४४-४५ ला जातो, तेव्हा बॅग बंद गाडीत ठेवू नका. ओलं फडकं आणि मीठ-साखरेचं पाणी जवळ असू द्या. हे फडकं कॅमेऱ्यासाठी नाही, तुमच्या मानेसाठी आहे.

## ७. मांडवात

कापडाचा रंग. दुपारच्या उन्हात पिवळ्या-लाल कापडाच्या मांडवाखाली सगळी मंडळी कावीळ झाल्यासारखी दिसतात. फोटो रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याची कच्ची फाइल, तिचे रंग नंतर नीट बदलता येतात) काढा आणि सुरुवातीला एखाद्या आजोबांची पांढरी टोपी फ्रेममध्ये घेऊन एक फोटो मारून ठेवा. घरी व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं ते पांढरंच दिसेल असा रंगांचा मेळ, त्या टोपीवरून धरा. माझ्याकडे अशा टोप्यांचा केवढा तरी संग्रह झालाय.

गोरज मुहूर्त. आपल्याकडे तो फार चालतो आणि नवा माणूस तिथेच आपटतो. मे महिन्यात सूर्य सातच्या सुमारास मावळतो. मंगलाष्टकं सुरू होतात तेव्हा चांगला उजेड असतो, "शुभमंगल सावधान" शेवटचं होईपर्यंत अंधारून येतं. म्हणून फ्लॅश आधीच स्टँडवर लावून, ट्रिगर तपासून तयार ठेवा. अंतरपाट खाली पडतो तो क्षण दोन सेकंदांचा असतो, तेव्हा सेटिंग बदलत बसायला वेळ मिळत नाही. माझी रीत अशी, की एक फ्लॅश नवरदेवाच्या मागच्या कोपऱ्यात उंच आणि एक माझ्या बाजूला छत्रीतून. मागच्या फ्लॅशमुळे उडणाऱ्या अक्षता अंधारात चमकतात. त्या एका फोटोवर मला पुढच्या तीन ऑर्डरी मिळाल्या आहेत.

अक्षता. लेन्सला हूड आणि फिल्टर लावा. मागच्या रांगेतली पोरं तांदूळ मुद्दाम फोटोवाल्याच्या डोक्यावर नेम धरून मारतात.

एलईडी. स्टेजवरच्या दिव्यांमुळे फोटोत काळे पट्टे आले तर शटरचा वेग १/१०० किंवा १/५० सेकंदावर आणा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, पट्टे बहुतेक वेळा जातात.

कूलर. मंगल कार्यालयातल्या मोठ्या कूलरसमोर उभे राहू नका. हवेबरोबर पाण्याचे बारीक थेंब येतात आणि लेन्सवर बसतात. घामाघूम माणसाला हे सांगणं सोपं आहे, पाळणं अवघड.

आई कुठे आहे? काही घरांत नवरीची आई मंगलाष्टकांच्या वेळी मांडवात नसते, तुळशीला पाणी घालत असते. पोऱ्याच्या हाती दुसरा कॅमेरा देऊन तिकडे पाठवा. अल्बम बघताना नवरी सगळ्यात जास्त त्याच पानावर थांबते.

जेवणाची पंगत विसरू नका. वरण-बट्टी वाढणारे हात, बट्टी कुस्करून त्यावर तूप ओतून घेणारे आजोबा, वांग्याच्या भाजीचं पातेलं. हे फोटो कोणी सांगून काढायला लावत नाही. सुरतेत किंवा पुण्यात राहणारा भाचा मात्र तेच मागतो.

## ८. प्री-वेडिंग आणि ड्रोन

रावेर-यावलकडची केळीची बाग सकाळी साडेसातला फुकट मिळणारा स्टुडिओ आहे. पानांतून गाळून आलेला उजेड फारच सुंदर पडतो. फक्त मालकाला विचारा आणि केळीच्या डागापासून कपडे सांभाळा, तो निघत नाही. पाटणादेवी गौताळा अभयारण्यात येतं, पाल यावल अभयारण्यात. तिथे वनखात्याची परवानगी काढा. तापी-पूर्णेच्या संगमावरचं चांगदेवाचं देऊळ पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे, तिथे स्टँड आणि लाईट घेऊन थेट शिरू नका.

ड्रोनवर पहिली दोन वर्षं पैसा घालू नका. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर रिमोट पायलट सर्टिफिकेट लागतं आणि ड्रोनला नोंदणीचा ओळख क्रमांक हवा. उडवण्याआधी सरकारी नकाशावर जागा हिरवी, पिवळी की लाल ते बघावं लागतं. जळगावचा विमानतळ, भुसावळ-वरणगावच्या आयुध निर्माणी, दीपनगरचं वीज केंद्र या भागात तर विशेष जपा. सर्टिफिकेट असलेला माणूस दिवसावर बोलवा आणि त्याचे पैसे पॅकेजमध्ये वेगळे दाखवा. आकडा वेगळा दिसला की निम्मी घरं ड्रोन स्वतःच काढून टाकतात.

## ९. त्याच रात्री

कितीही दमलात तरी झोपण्याआधी दोन हार्डडिस्कवर कॉपी करा आणि त्यातली एक दुसऱ्या घरात ठेवा. अल्बम हाती पडेपर्यंत कार्डं पुसू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी वीस चांगले फोटो मोबाइलवर पाठवा. "फोटू कव्हय भेटतीन?" हा फोन त्यामुळे महिनाभर तरी लांबतो, आणि स्टेटसवर ते फोटो लागले की जाहिरातीचं काम पाहुणेच करतात. फोटो निवडायला घरच्यांना पंधरा दिवसांची मुदत द्या. नाहीतर निवड जाऊबाई आणि नणंद यांच्यात अडकते आणि अल्बमऐवजी बारशाची ऑर्डर आधी येते.

## १०. पावसाळ्यात काय, आणि पुढे काय

जुलै ते ऑक्टोबर हातात पैसा नसतो, हे धरूनच चाला. सराईत प्रत्येक ऑर्डरमागे थोडं बाजूला टाका. या दिवसांत बारसं, शाळांचे ओळखपत्रांचे फोटो, जळगावच्या सराफ बाजारातल्या दुकानांचे दागिन्यांचे फोटो ही कामं मिळतात. दागिन्यांच्या फोटोला मांडवापेक्षा जास्त संयम लागतो, पण गिऱ्हाईक वेळेवर पैसे देतं.

पुढची वाट मला तीन दिशांना दिसते. पहिली सुरतेकडे. तिथे आपली इतकी माणसं स्थायिक आहेत की गावातली एक ऑर्डर नीट झाली की उधन्यातून फोन येतो. दुसरी, नाशिक-पुण्याच्या मोठ्या टीमसोबत दिवसावर काम करण्याची. अल्बम, वसुली, मिक्सिंग यांचं कुठलंच झंझट नाही, कार्ड दिलं आणि पैसे घेतले. तिसरी वाट मुलींसाठी आहे आणि ती अजून मोकळी आहे. नवरीच्या खोलीत, हळदीला, मेंदीला घरच्यांना बाई फोटोग्राफर हवी असते, पण शोधून सापडत नाही. माझ्याकडे लाईट धरायला आलेली चोपड्याची एक मुलगी आता फक्त हळद आणि मेंदीच्या ऑर्डरी घेते. दाट तिथीला मीच तिला तारीख मागतो, आणि बऱ्याचदा ती "नाही जमणार दादा" म्हणते.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते आणि सोमवारी विसर्जनाला निघते. तेव्हा गल्लीत कॅमेरा घेऊन जा. पैसे मागू नका, फोटो काढून घराघरांत पाठवा. पुढच्या सराईत कोणाकडे लग्न आहे, हे त्या मिरवणुकीत चालणाऱ्या बायकांना सगळ्यात आधी ठाऊक असतं.